घटक ६ : रुडॉल्फ नुरेयेव – आश्रयार्थी कलावंताचे जीवनचरित्र

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी सांगता येतील :
• रुडॉल्फ नुरेयेव यांच्या जीवनाचे प्रमुख टप्पे.
• हुकूमशाही राजवटीतून बाहेर पडून परक्या देशात आश्रय मागण्याची प्रक्रिया आणि तिच्यातील अडचणी.
• देश सोडणाऱ्या व्यक्तीच्या निर्णयाची झळ मागे राहिलेल्यांना कशी पोहोचते.
• चरित्रनायकाभोवती तयार झालेली दंतकथा आणि प्रत्यक्ष घटना यांतील फरक.

६.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, चरित्रलेखनाचे स्वरूप आपण यापूर्वीच्या घटकात पाहिले. काही व्यक्तींच्या आयुष्यातील एकाच क्षणावर इतका झगझगीत प्रकाश पडतो की त्या क्षणाच्या आधीचे आणि नंतरचे आयुष्य अंधारात राहते. अशा व्यक्तीचे चरित्र लिहिताना तो झाकोळलेला भाग उजेडात आणणे हेच चरित्रकाराचे खरे काम ठरते.

विसाव्या शतकातील श्रेष्ठ बॅलेनर्तक रुडॉल्फ नुरेयेव यांच्याबाबतीत असेच घडले. १६ जून १९६१ रोजी पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर त्यांनी सोव्हिएत संघाकडे पाठ फिरवली आणि फ्रान्सकडे आश्रय मागितला. त्यांनी स्वातंत्र्याच्या दिशेने झेप घेतली, असे वर्णन जगभर झाले. नर्तकाला झेप शोभते, म्हणून ते लोकांच्या मनात ठसले. प्रत्यक्षात मात्र त्या दिवशी झेप घेतली गेली नाही. एक तरुण काही पावले चालत गेला, एवढेच घडले. ती पावले टाकण्यास काही क्षण लागले. पण त्यांची किंमत चुकती करण्यास पुढची जवळजवळ तीन दशके लागली आणि ती किंमत एकट्या नुरेयेव यांनी चुकती केली नाही. या घटकात आपण हे चरित्र त्या दृष्टीने अभ्यासणार आहोत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ बालपण : गरिबी आणि एक तिकीट

रुडॉल्फचा जन्म १७ मार्च १९३८ रोजी धावत्या रेल्वेगाडीत झाला. त्याची आई फरीदा तीन मुलींना घेऊन सायबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोकला निघाली होती. तेथे तिचे पती हामेत हे लाल सैन्यात राजकीय अधिकारी होते. बैकल सरोवराच्या परिसरातून गाडी जात असताना या चौथ्या अपत्याने जन्म घेतला. कुटुंब तातार मुसलमान होते आणि हामेत यांची साम्यवादावर पूर्ण निष्ठा होती. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या त्यांना क्रांतीने शिक्षण, पद आणि प्रतिष्ठा दिली होती. पुढे त्यांच्याच मुलाला राज्यसंस्थेने देशद्रोही ठरवले, तेव्हा त्यांना काय सोसावे लागले असेल, हे समजण्यासाठी ही पार्श्वभूमी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

दुसऱ्या महायुद्धात वडील आघाडीवर गेले आणि आई मुलांसह बाश्किरियातील उफा या शहरात आली. एका खोलीत एकाहून अधिक कुटुंबे राहत होती. रुडॉल्फला बहिणींचे जुने कपडे घालावे लागत. पायांत घालायला काही नसल्यामुळे आई त्याला पाठीवर घेऊन शाळेत पोहोचवत असे. बटाट्यांसाठी ती बर्फातून मैलोन्‌मैल चालत जाई.

३१ डिसेंबर १९४५ रोजी या माउलीने एकाच तिकिटावर चारही मुलांना उफाच्या नाट्यगृहात नेले. त्या रात्री तेथे 'क्रौंचांचे गीत' या अर्थाच्या नावाचा बाश्कीर बॅले होता. सात वर्षांच्या रुडॉल्फने झुंबरे, मखमली पडदा आणि नर्तक पाहिले आणि आपण नर्तकच व्हायचे, असा निश्चय केला. पुढे पीटर्सबर्गच्या नृत्यपरंपरेत वाढलेल्या आणि उफामध्ये येऊन राहिलेल्या आन्ना उदेल्त्सोवा यांनी त्याला प्राथमिक धडे दिले. युद्धावरून परतलेल्या वडिलांना मुलाचे नाचणे मुळीच पसंत नव्हते. मुलाने डॉक्टर किंवा अभियंता व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. नृत्यापायी त्याने वडिलांचा मारही खाल्ला. पण नृत्य सोडले नाही.

६.२.२ लेनिनग्राद : गुरू आणि व्यवस्था

१९५५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, रुडॉल्फला लेनिनग्रादच्या प्रसिद्ध नृत्यविद्यालयात प्रवेश मिळाला. इतर विद्यार्थी नवव्या-दहाव्या वर्षापासून शिकत असल्याने ते पुष्कळ पुढे होते. त्यांना गाठण्यासाठी त्याने अहोरात्र मेहनत केली. येथे त्याला अलेक्सांद्र पुश्किन हे गुरू लाभले. हे प्रसिद्ध रशियन कवी नव्हेत. त्याच नावाचे हे नृत्यशिक्षक अत्यंत शांत स्वभावाचे होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने या हट्टी, तापट विद्यार्थ्याला स्वतःच्या घरात ठेवून घेतले. आपल्याकडील गुरुगृही राहण्याच्या परंपरेची आठवण व्हावी, असे हे नाते होते.

१९५८ मध्ये शिक्षण पूर्ण झाल्यावर नुरेयेव यांना किरोव नाट्यगृहाच्या बॅलेसंघात थेट प्रमुख नर्तकांमध्ये स्थान मिळाले. प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. अधिकारी मात्र नाराज होते. नुरेयेव युवक साम्यवादी संघटनेचे सभासद झाले नाहीत. परदेशी पाहुण्यांशी ते मोकळेपणाने बोलत आणि वेशभूषेपासून पदन्यासापर्यंत स्वतःच्या मताचा आग्रह धरत. ज्या व्यवस्थेत कलावंताचे यश राज्याच्या मालकीचे मानले जाते, तेथे असा आग्रहसुद्धा राजकीय ठरतो. नुरेयेव यांनी राज्यसत्तेविरुद्ध कधी भाषण केले नाही की पत्रक काढले नाही. तरीही ते संशयितांच्या यादीत गेले. शिवाय, त्यांचे प्रेम पुरुषांवर होते आणि १९३० च्या दशकापासून सोव्हिएत कायद्यानुसार तो तुरुंगवासाचा गुन्हा होता. म्हणजे या तरुणाला कधीही अडकवता येईल, असे कारण राज्याच्या हाती तयारच होते.

६.२.३ पॅरिस : दोन दरवाजांची खोली

१९६१ च्या मे महिन्यात किरोव संघ पॅरिसला आला. पॅरिसच्या ऑपेरागृहात नुरेयेव 'ला बायादेर' या बॅलेत प्रथम दिसले. या बॅलेचे कथानक कल्पनेतल्या भारतात घडते आणि तिची नायिका देवळात नाचणारी नर्तकी आहे. गोव्यातील देवळांमधील कलावंतिणींना पोर्तुगीजांनी जे नाव दिले होते, त्यापासून हा फ्रेंच शब्द तयार झाला. पॅरिसचे प्रेक्षक या तेवीस वर्षांच्या नर्तकाने भारावून गेले.

प्रयोग संपला की बाकीचे कलावंत ठरलेल्या बसने निवासस्थानी परतत. नुरेयेव मात्र पिएर लाकोत आणि इतर फ्रेंच मित्रांबरोबर शहरात भटकत. याच मित्रमंडळीत क्लारा सँ ही चिली देशातून आलेली तरुणी होती. संघाबरोबर असलेले गुप्तचर अधिकारी या गोष्टींची नोंद ठेवत होते. त्यांना परत पाठवा, असा हुकूम मॉस्कोहून आला. पण प्रयोगांचे यश त्यांच्यावरच अवलंबून असल्याने पॅरिसमधील जबाबदार मंडळींनी काही दिवस चालढकल केली.

१६ जूनला संघ लंडनला जाण्यासाठी ल बूर्जे विमानतळावर जमला. तेथे नुरेयेव यांना बाजूला घेऊन सांगण्यात आले की, त्यांनी लंडनला न जाता मॉस्कोला परतावे, क्रेमलिनमध्ये त्यांना नृत्य करायचे आहे. आई आजारी असल्याचेही सांगितले गेले. त्याचा खरा अर्थ त्यांच्या लक्षात आला. मॉस्कोला गेलो तर परदेशप्रवास संपला, प्रमुख भूमिका संपल्या आणि कदाचित नृत्यही संपले.

एका मित्राच्या दूरध्वनीमुळे क्लारा सँ धावत विमानतळावर आली. तिने वरच्या मजल्यावरील फ्रेंच पोलिसांना सर्व प्रकार सांगितला. पोलिसांनी तिला नियम समजावून सांगितला. त्यांना स्वतः जाऊन त्या नर्तकाला घेऊन येता येणार नव्हते. त्याने आपण होऊन त्यांच्याकडे आले पाहिजे आणि संरक्षण मागितले पाहिजे. साध्या वेशातील दोन अधिकारी खाली उपाहारगृहापाशी येऊन थांबले. निरोप देण्याच्या निमित्ताने क्लाराने नुरेयेव यांच्या कानात ही गोष्ट सांगितली. नुरेयेव उठले आणि त्या दोघांच्या दिशेने चालू लागले. स्वतः त्यांच्या आठवणीप्रमाणे ते अंतर सहा पावलांचे होते. सोव्हिएत पहारेकऱ्यांनी त्यांना धरून ओढण्याचा प्रयत्न केला. पण ही फ्रान्सची भूमी आहे, याची जाणीव देऊन पोलिसांनी त्यांना सोडवले.

यानंतरचा प्रसंग दंतकथेत सहसा सांगितला जात नाही. पोलिसांनी नुरेयेव यांना एका खोलीत नेले आणि पाऊण तास एकटे बसवले. आपला निर्णय कोणाच्या दडपणाखाली नाही, याची त्यांनी स्वतःशी खात्री करून घ्यावी, हा त्यामागचा हेतू होता. त्या खोलीला दोन दरवाजे होते. एका दरवाजाने गुपचूप सोव्हिएत विमानाकडे परतता येत होते, दुसरा फ्रेंच अधिकाऱ्यांच्या कचेरीत उघडत होता. आई, बहिणी, गुरू, भाषा आणि रंगमंच हे सारे पहिल्या दरवाजापलीकडे होते. दुसऱ्या दरवाजापलीकडे काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते दुसऱ्या दरवाजाने गेले.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : फ्रेंच पोलिसांनी नुरेयेव यांना एका खोलीत एकटे का बसवले?

६.२.४ आश्रय : हक्क आणि त्याच्या मर्यादा

येथे थोडे थांबून आश्रय या संकल्पनेचा विचार करू. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या तेराव्या कलमात स्वतःचा देश सोडण्याचा आणि परत येण्याचा हक्क मान्य केला आहे. छळापासून वाचण्यासाठी दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा आणि उपभोगण्याचा हक्क चौदाव्या कलमात आहे. या ठरावावर सोव्हिएत संघाने मतदानात भाग न घेता तटस्थ राहणे पसंत केले. पुढे १९५१ च्या निर्वासितविषयक करारात निर्वासिताची व्याख्या झाली आणि छळाचा धोका असेल तेथे त्याला परत पाठवू नये, हे तत्त्व आले.

तथापि, या तरतुदींमध्ये एक दरी राहिली. देश सोडण्याचा हक्क कागदावर होता; सोव्हिएत नागरिकाला मात्र सरकारी परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नव्हती. आश्रय मागण्याचा हक्क होता. पण तो देण्याचे बंधन कोणत्याही विशिष्ट देशावर नव्हते. शिवाय आश्रय मागणाऱ्याला प्रथम त्या देशाच्या भूमीवर पोहोचावे लागते आणि तेथे स्वतः उभे राहून मागणी करावी लागते. नुरेयेव यांना ही संधी नृत्याने मिळवून दिली. ज्यांच्याकडे अशी कला नव्हती, परदेशी मित्र नव्हते, त्यांतील असंख्य माणसे पहिल्याच दरवाजाशी अडली. एका यशस्वी कलावंताचे चरित्र वाचताना या अनाम माणसांचे विस्मरण होऊ नये.

६.२.५ परक्या भूमीवर

आश्रय मिळाला म्हणून जीवन सुरळीत झाले नाही. आठवड्याभरात, २३ जून १९६१ रोजी, नुरेयेव मार्की द क्वेव्हास यांच्या संघात 'निद्रिस्त सुंदरी' या बॅलेत रंगमंचावर उभे राहिले. काही दिवसांनी एका प्रयोगाआधी त्यांच्या हाती आई, वडील आणि गुरू पुश्किन यांचे संदेश पडले. सर्वांनी परत ये, असे कळवले होते. हे संदेश मनापासूनचे की दडपणाखाली लिहिलेले, हे ठरवण्याचा कोणताही मार्ग त्यांच्याजवळ नव्हता. अशा मनःस्थितीत ते रंगमंचावर गेले, तर प्रेक्षागृहातील साम्यवादी निदर्शकांनी आरडाओरडा केला आणि रंगमंचावर वस्तू फेकल्या. नुरेयेव नाचत राहिले.

२१ फेब्रुवारी १९६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ते मार्गो फाँटेन यांच्यासमवेत 'जिझेल'मध्ये नाचले. फाँटेन त्यांच्याहून १९ वर्षांनी मोठ्या होत्या आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर आल्या होत्या. या जोडीने बॅलेच्या इतिहासात नवे पर्व सुरू केले. १९६४ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांच्या 'हंस सरोवर'च्या प्रयोगानंतर टाळ्यांच्या गजरामुळे पडदा ८९ वेळा उघडावा लागला, अशी नोंद आहे.

टाळ्यांचा हा गजर चालू असतानाही नुरेयेव कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. तात्पुरत्या प्रवासपत्रांवर ते जगभर फिरत. सोव्हिएत हस्तक आपल्याला पळवून नेतील, ही भीती त्यांच्या मनातून अनेक वर्षे गेली नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाने त्यांना नागरिकत्व दिले, तेव्हा विमानतळावरील त्या दिवसाला २१ वर्षे झाली होती.

त्यांच्या स्वभावातील दोषही चरित्रकाराने झाकू नयेत. ते सहकाऱ्यांशी अनेकदा उद्धटपणे वागत आणि रागाच्या भरात वस्तू फेकत. वर्षानुवर्षे ते जवळजवळ रोज रात्री नाचत राहिले. कोठेही न थांबण्याच्या या हट्टामागे, थांबलो तर घर कोणते, या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नसणे, हेही एक कारण असावे.

६.२.६ मागे राहिलेले

आश्रयाच्या कथा बहुधा गेलेल्या माणसाबरोबर पुढे जातात. आपण मात्र त्या पहिल्या दरवाजाकडे परत वळू.

१९६२ मध्ये लेनिनग्राद येथे नुरेयेव यांच्यावर त्यांच्या अनुपस्थितीत मातृभूमीशी द्रोह केल्याचा खटला चालला. या गुन्ह्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षेची तरतूद होती. न्यायालयाने त्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. ती शिक्षा कधी भोगावी लागली नाही. पण तिच्यामुळे परतीची वाट बंद झाली. सोव्हिएत बॅलेच्या इतिहासातून त्यांचे नाव वगळण्यात आले.

गुरू पुश्किन यांची चौकशी झाली आणि या धक्क्याने त्यांची प्रकृती ढासळली. १९७० मध्ये लेनिनग्रादच्या रस्त्यावर हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. शिष्याची पुन्हा भेट झाली नाही. संघातील नर्तकी आल्ला ओसिपेन्को यांना कित्येक वर्षे पाश्चात्त्य देशांच्या दौऱ्यांपासून दूर ठेवण्यात आले. वडील हामेत १९६८ मध्ये वारले. पक्षनिष्ठ माणसाच्या घरात देशद्रोही निपजला, हा कलंक त्यांनी अखेरपर्यंत वाहिला.

आई फरीदा उफामध्येच होती. नुरेयेव तिला दूरध्वनी करत. हे बोलणे तिसरे कोणी ऐकत असणार, हे दोघांनाही माहीत असल्याने मनातले फारसे बोलता येत नसे. १९७५ मध्ये हेलसिंकी येथील करारावर सोव्हिएत संघाने स्वाक्षरी केली. ताटातूट झालेल्या कुटुंबीयांच्या भेटीगाठींचे आश्वासन त्यात होते. त्याचा आधार घेऊन, आईला भेटीसाठी बाहेर येऊ द्यावे, अशी मोहीम नुरेयेव यांच्या बाजूने पाश्चात्त्य देशांत चालली. अनेक नामवंतांनी विनंतीपत्रांवर सह्या केल्या. परवाना मिळाला नाही.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. मागे राहिलेल्यांच्या या दुःखाला नुरेयेव जबाबदार होते काय? ते गेले नसते तर हे घडले नसते, असे वरवर म्हणता येईल. परंतु गेलेल्या माणसाचा सूड त्याच्या आईवर, गुरूवर आणि सहकाऱ्यांवर घेण्याचा निर्णय नुरेयेव यांचा नव्हता. तो राज्यसंस्थेचा होता. आप्तस्वकीयांना ओलीस ठेवणे हेच अशा राजवटीचे सर्वांत प्रभावी कुंपण असते. या कुंपणाची धार ठाऊक असूनही माणसे बाहेर पडतात. १९७० मध्ये नाताल्या माकारोव्हा यांनी आणि १९७४ मध्ये मिखाइल बारिश्निकोव यांनी परदेश दौऱ्यात आश्रय घेतला. दोघेही त्याच किरोव संघाचे होते आणि बारिश्निकोव तर पुश्किन यांचेच शिष्य होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : नुरेयेव यांच्या निर्णयानंतर त्यांच्या आप्तांना आणि सहकाऱ्यांना काय सोसावे लागले?

६.२.७ परतीची भेट आणि अखेर

गोर्बाचेव यांच्या काळात सोव्हिएत धोरण सैल झाले. नोव्हेंबर १९८७ मध्ये नुरेयेव यांना मरणासन्न आईला भेटण्यासाठी ४८ तासांची परवानगी मिळाली. २६ वर्षांनंतर ते उफाला पोहोचले. आईची दृष्टी जवळजवळ गेली होती, तिला बोलता येत नव्हते आणि समोर बसलेला मनुष्य आपला मुलगा आहे, हे तिला ओळखता आले की नाही, याची त्यांना खात्री वाटेना. काही महिन्यांतच ती गेली. एका तिकिटावर चार मुलांना नाट्यगृहात नेणाऱ्या त्या आईने आपल्या मुलाला जगाच्या रंगमंचावर प्रत्यक्ष कधीच पाहिले नाही.

१९८९ मध्ये ते किरोवच्या रंगमंचावर 'ला सिल्फीद'मध्ये नाचले. वय ५१ होते, शरीर थकले होते आणि १९८४ मध्ये निदान झालेल्या एड्सच्या विषाणूसंसर्गाने त्यांना आतून पोखरले होते. पूर्वीचा नुरेयेव रंगमंचावर दिसणे शक्य नव्हते. तरी प्रेक्षकांनी त्यांचे स्वागत केले. या भेटीत, शंभरीच्या घरात पोहोचलेल्या आपल्या पहिल्या शिक्षिका उदेल्त्सोवा यांना ते भेटले.

१९८३ ते १९८९ या काळात पॅरिस ऑपेराच्या बॅलेविभागाचे संचालक म्हणून त्यांनी तरुण नर्तकांची एक पिढी घडवली. ८ ऑक्टोबर १९९२ रोजी त्याच ऑपेरागृहात त्यांनी बसवलेला 'ला बायादेर' सादर झाला. ज्या बॅलेने पॅरिसने त्यांना ओळखले, तोच त्यांचा अखेरचा आविष्कार ठरला. त्या रात्री इतरांच्या आधाराने ते रंगमंचावर आले. ६ जानेवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. पॅरिसजवळच्या रशियन दफनभूमीत, मायदेश सोडून आलेल्या इतर अनेक रशियनांच्या सान्निध्यात, त्यांची समाधी आहे. तिच्यावर रंगीत काचखड्यांनी घडवलेला एक गालिचा पसरलेला दिसतो. भटक्या पूर्वजांचा प्रवासात सोबत राहणारा गालिचा या प्रवाशासाठी अखेर एका जागी स्थिरावला.

६.३ सारांश

रुडॉल्फ नुरेयेव यांचा जन्म प्रवासात झाला, बालपण गरिबीत गेले आणि कलेने त्यांना जगाच्या रंगमंचावर आणले. १९६१ मध्ये त्यांनी फ्रान्सकडे आश्रय मागितला. हे कृत्य आवेशातील झेप नव्हते. पुरेशा विचाराअंती, एकट्याने टाकलेली ती पावले होती. कायद्याला आश्रयार्थ्याची मागणी एकट्याची आणि स्वेच्छेची लागते. परंतु तिची किंमत आई, वडील, गुरू आणि सहकारी अशा अनेकांकडून वसूल केली जाते. आश्रय म्हणजे एका दिवसाची सुटका नव्हे. नागरिकत्व, सुरक्षितता आणि आप्तांची भेट यांसाठी चालणारा तो दीर्घ झगडा आहे, हे या चरित्रातून दिसते.

६.४ स्वाध्याय

१. नुरेयेव यांच्या जडणघडणीत आई फरीदा आणि गुरू पुश्किन यांचा वाटा स्पष्ट करा.
२. 'दोन दरवाजांची खोली' या प्रसंगाचे चरित्रातील महत्त्व विशद करा.
३. देश सोडण्याचा हक्क आणि आश्रय मिळण्याचा हक्क यांतील दरी उदाहरणांसह सांगा.
४. मागे राहिलेल्यांच्या दुःखाची जबाबदारी कोणाची, याविषयी आपले मत सकारण मांडा.
५. उपक्रम : आपल्या परिसरात दुसऱ्या प्रांतातून वा देशातून येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीशी तिच्या संमतीने बोला आणि ती मागे काय सोडून आली, याविषयी दोन पृष्ठांचे टिपण लिहा.